दंतचिकित्सालयातील शुद्धी व सुरक्षा : रुग्ण पाठविणाऱ्या वैद्याने काय पाहावे?

सुश्रुताचार्यांनी मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. त्यांपैकी १५ रोग दंतमूलगत व ८ दंतगत आहेत. म्हणजे मुखरोगांतील एक तृतीयांशाहून अधिक रोग दात व हिरड्या यांचेच आहेत. शालाक्यतंत्राचा एवढा मोठा भाग ज्या अवयवांनी व्यापला आहे, त्या अवयवांचे रुग्ण आज आपल्या हातून थोड्याच काळात दुसऱ्याच्या हाती जातात. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत दाढ ठणकू लागलेला खेडूत रुग्ण बहुधा प्रथम गावातील वैद्याकडे अथवा ओळखीच्या आयुर्वेदीय औषधी दुकानात येतो. आपण त्यास इरिमेदादि तैल देतो, त्रिफळा क्वाथाचे गंडूष सांगतो, खदिरादि वटी चघळावयास देतो. एवढ्याने भागले नाही, म्हणजे "आता दातांच्या डॉक्टरांना दाखवा," असे सांगून मोकळे होतो.

कोणत्या दंतवैद्याकडे जावे, हेही रुग्ण आपणासच विचारतो आणि आपण सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवून जातो. हे नाव सांगताना आपण कशाचा विचार करतो? दंतवैद्याचा हात हलका आहे, फी माफक आहे, दवाखाना बसस्थानकाजवळ आहे, एवढेच बहुधा पाहिले जाते. त्याच्याकडील उपकरणे शुद्ध कशी होतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक दंतचिकित्सालयाची खरी परीक्षा एक रुग्ण खुर्चीवरून उठल्यापासून दुसरा रुग्ण तीवर बसेपर्यंतच्या मधल्या काळात होत असते. त्या काळात काय घडावयास हवे, का घडावयास हवे आणि ते घडते की नाही हे वैद्याने कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वानियंबाडीचा धडा

या विषयाचे गांभीर्य समजण्यासाठी तमिळनाडूतील एक घटना जाणून घेणे आवश्यक आहे. तिरुपत्तूर जिल्ह्यातील वानियंबाडी हे आपल्याकडील तालुक्याच्या गावासारखेच एक गाव. २०२२-२३ या काळात त्या परिसरातील काही रुग्ण ज्वर, शिरःशूल, अस्पष्ट वाणी, चेहऱ्याच्या नाड्यांचा घात अशा लक्षणांनी वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाले. निदान झाले मेलिऑइडोसिस या जंतुसंसर्गाचे, आणि तोही मेंदूपर्यंत पोहोचलेला. या रोगाचे जंतू माती व पाणी यांत राहतात. तपासलेल्या अशा २१ रुग्णांपैकी १० जण एकाच दंतचिकित्सालयात उपचार घेऊन आलेले होते. त्या १० पैकी ८ जण दगावले.

तज्ज्ञांनी चिकित्सालयाची तपासणी केली, तेव्हा तोंड धुण्यासाठी वापरात असलेल्या सलाइनच्या उघड्या बाटलीत तेच जंतू सापडले. न उघडलेल्या बाटल्या निर्दोष होत्या. बाटलीचे बूच हिरडी सोडविण्याच्या उपकरणाने उघडले जाई, उरलेल्या सलाइनवर कापसाचा बोळा सैल बसविला जाई, आणि तीच बाटली पुढील रुग्णांसाठी वापरली जाई. या घटनेचा शोधनिबंध २०२५ साली 'लॅन्सेट' समूहाच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे महागड्या यंत्राचा अभाव कारणीभूत नव्हता. कारण होते सलाइनची एक उघडी बाटली. प्रत्येक रुग्णास नवी लहान बाटली वापरण्याचा खर्च अत्यल्प आहे. गुणवत्तेचे निकष म्हणजे मोठ्या शहरांतील रुग्णालयांची चैन, असा समज असणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. परदेशांतही असे घडते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टल्सा येथील एका दंतचिकित्सालयातील अस्वच्छतेमुळे २०१३ साली हजारो रुग्णांना रक्ततपासणी करून घेण्याची सूचना देण्यात आली, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णास हिपॅटायटिस 'सी' झाल्याचे तेथे सिद्ध झाले.

दंतकर्म विशेष जोखमीचे का?

मुखात लालास्राव सतत असतो आणि जंतूंची संख्या मोठी असते. दात काढणे, हिरड्यांची शर्करा काढणे, दंतमूलातील नाडी स्वच्छ करणे या प्रत्येक कर्मात थोडेबहुत रक्त येतेच. म्हणजे दंतवैद्याचे जवळजवळ प्रत्येक उपकरण रक्त व लाळ यांच्या संपर्कात येते. हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही सात दिवसांपर्यंत तग धरू शकतो. दूषित सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस 'बी' होण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांपर्यंत, 'सी' होण्याची सुमारे ३ टक्के व एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के, असे सर्वसाधारण प्रमाण वैद्यकात सांगितले जाते.

दुसरे कारण दात कोरण्याच्या यंत्राचे आहे. हे हातात धरावयाचे यंत्र, ज्यास हँडपीस म्हणतात, मिनिटास तीन ते चार लाख फेरे घेते. ते थांबताना क्षणभर उलटा शोष निर्माण होतो आणि रुग्णाची लाळ व रक्त यांचे कण यंत्राच्या आत ओढले जाऊ शकतात. पुढील रुग्णाच्या मुखात यंत्र सुरू होताच ते कण बाहेर पडतात. म्हणून हँडपीस बाहेरून स्पिरिटने पुसणे पुरेसे नाही. प्रत्येक रुग्णानंतर ते ऑटोक्लेव्हमध्ये घातले पाहिजे.

तिसरे कारण भूल देण्याचे औषध. लिग्नोकेनची अनेक मात्रांची मोठी कुपी आपल्याकडे सर्रास वापरली जाते. एका रुग्णास टोचलेली सुई पुन्हा त्याच कुपीत गेली, तर संपूर्ण कुपी दूषित होते व पुढील सर्व रुग्णांना तो दोष पोहोचू शकतो. एकाच वापराची लहान नळकांडी वापरणे, अथवा कुपीतून औषध घेताना प्रत्येक वेळी नवी सुई व नवी सिरिंज घेणे, हाच यावरील उपाय.

ग्रंथोक्त दृष्टी

हे विचार आयुर्वेदास परके नाहीत. शस्त्रांचे आठ दोष सांगून कुंठित, वक्र, खंडित शस्त्र वर्ज्य ठरविणारे सुश्रुताचार्य उपकरणाच्या गुणवत्तेचाच निकष सांगत होते. चिकित्सास्थानात मेदोवर्ती छेदताना अग्नीवर तापविलेले शस्त्र वापरावे असे म्हटले आहे, आणि न तापविलेल्या शस्त्राने छेदल्यास पाकाचे भय असते असे टीकाकार डल्हणाचार्य स्पष्ट करतात. दंतशर्करा काढताना दंतमूलास इजा होऊ देऊ नये, हीही सूचना तेथे आहे. वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये, कारण अतिरक्तस्रावाने नेत्रनाश व अर्दित यांसारखे उपद्रव होतात, असा इशारा सुश्रुताने दिला. आजच्या साधनांमुळे वरचे दात सुरक्षितपणे काढता येतात. परंतु कर्म करण्यापूर्वी त्याच्या उपद्रवांचा विचार करावा, हा त्या इशाऱ्याचा गाभा आजही तसाच आहे.

विशिखानुप्रवेशनीय अध्यायात व्यवसायात प्रवेश करणाऱ्या वैद्याने शास्त्र शिकलेले असावे, कर्म पाहिलेले व स्वतः केलेले असावे, राजाची अनुज्ञा घेतलेली असावी, नखे कापलेली असावीत, वस्त्र शुभ्र व आचार शुचि असावा, असे सांगितले आहे. शिक्षण, अनुभव, नोंदणी व वैयक्तिक स्वच्छता हे चारही निकष त्यात आले. आजचे कायदे हेच वेगळ्या भाषेत मागतात.

निर्जंतुकीकरण कशास म्हणावे?

पहिली पायरी प्रक्षालनाची. उपकरणावर रक्त वा लाळ वाळलेली असेल, तर उष्णता आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून उपकरण प्रथम जाड हातमोजे घालून ब्रशने अथवा ध्वनिलहरींच्या यंत्रात स्वच्छ करावे लागते. दुसरी पायरी बंदिस्त पिशवीत अथवा कापडात बांधण्याची. तिसरी ऑटोक्लेव्हची : १२१ अंश सेल्सियस तापमान व १५ पौंड दाब असताना उघड्या उपकरणांस १५ ते २० मिनिटे, बांधलेल्या उपकरणांस साधारण ३० मिनिटे. निर्वात पद्धतीच्या यंत्रात १३४ अंशांस तीन-चार मिनिटे पुरतात. चौथी पायरी कोरडे करून बंद स्थितीत साठविण्याची. यांतील एक पायरी वगळली तरी बाकीच्या व्यर्थ जातात.

आता जे निर्जंतुकीकरण नव्हे, तेही पाहू.

पाण्यात उकळणे : उकळण्याने पुष्कळ जंतू मरतात, परंतु धनुर्वातासारख्या रोगांच्या जंतूंची बीजरूप अवस्था टिकून राहते. बालाघाटाच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर पाणी १०० अंशांच्याही किंचित खालीच उकळते, हेही ध्यानात असावे.

रसायनात बुडविणे : २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस-पंचवीस मिनिटे बुडविल्याने जंतूंची संख्या घटते. पूर्ण निर्जंतुकीकरणास सुमारे १० तास लागतात. उष्णता सहन न होणाऱ्या वस्तूंपुरताच हा मार्ग योग्य.

निळ्या प्रकाशाची पेटी : अनेक दवाखान्यांत काचेच्या दाराची, आत निळा प्रकाश असलेली पेटी दिसते. शुद्ध झालेली उपकरणे ठेवण्यास ती ठीक आहे. अशुद्ध उपकरण तीत ठेवून शुद्ध होत नाही.

ऑटोक्लेव्ह आहे म्हणजे झाले, असेही नाही. पिशवीवरील पट्टीचा रंग बदलला, तर पिशवीस उष्णता लागली एवढेच कळते. यंत्र खरोखर जंतू मारते की नाही, हे पाहण्यासाठी उष्णतेस सर्वाधिक टिकणाऱ्या जंतुबीजांची कुपी यंत्रात ठेवून नंतर ती तपासावी लागते. ही चाचणी आठवड्यातून एकदा करावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

संचांचे गणित

वैद्यास दंतशास्त्रातील यंत्रे ओळखता येत नसली, तरी एक साधे गणित करता येते. समजा, सायंकाळच्या चार तासांत एक दंतवैद्य १६ रुग्ण पाहतो. म्हणजे तासास ४. वापरलेला संच धुणे, बांधणे, यंत्र तापणे, ठरलेला काळ, वाळणे व निवणे यांस मिळून किमान एक तास लागतो. म्हणजे एका तासातील ४ संच शुद्ध होत असताना पुढील तासासाठी दुसरे ४ संच हाताशी हवेत. अशा दवाखान्यात किमान ८ संच व तेवढीच हँडपीसची सोय असल्याविना प्रत्येक रुग्णास शुद्ध उपकरण मिळणे शक्यच नाही. संच तीन आणि रुग्ण सोळा असतील, तर मधल्या काळात काय होत असेल हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या जिल्ह्यात हे गणित वर्षातून एकदा विशेष कठीण होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी मजुरांचे तांडे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेला मजूर गावी परतावयास पाच-सहा महिने लागतात. दुखरी दाढ घेऊन फडात जाणे परवडत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात "एकाच फेरीत दाढ काढून टाका" अशी मागणी होते. चार फेऱ्यांची दंतमूलचिकित्सा अर्धवट सोडण्यापेक्षा दाढ काढणे कधी कधी इष्टही असते. परंतु गर्दी वाढली म्हणून उपकरणांची शुद्धी घटता कामा नये. अशा काळात आपले रुग्ण आठ-पंधरा दिवस आधी पाठविणे, हे आपल्या हातातील काम आहे. दाढ काढल्यावर रक्तस्राव वा सूज झाल्यास फडावरून परत येणे शक्य नसते, म्हणूनही निघण्याच्या आदल्या दिवशी दाढ काढणे टाळावे.

पाणी व वीज

मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरचे वा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी वापरावे लागते. असे पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घातल्यास क्षारांचा थर बसून यंत्र निकामी होते. तेथे ऊर्ध्वपातित पाणीच हवे. दंतखुर्चीच्या बारीक नळ्यांतून रुग्णाच्या मुखात जाणारे पाणी हाही उपेक्षित विषय आहे. नळीत साचलेल्या पाण्यात जंतूंचा चिकट थर जमतो. म्हणून छतावरील टाकीऐवजी स्वतंत्र बाटलीतून शुद्ध पाणी देणे, सकाळी व प्रत्येक रुग्णानंतर नळीतून काही काळ पाणी सोडून देणे, हे नियम आहेत. दात काढण्यासारख्या शस्त्रकर्मात मात्र नळीचे पाणी न वापरता निर्जंतुक सलाइनच वापरावे लागते, आणि तेही त्या रुग्णापुरते उघडलेले.

वीज मध्येच गेली, तर ऑटोक्लेव्हची फेरी पहिल्यापासून पुन्हा करावी लागते. उरलेली मिनिटे नंतर जोडून चालत नाही. वीज बेभरवशाची असेल तेथे गॅसवर चालणारा, दाबमापक असलेला साधा ऑटोक्लेव्ह उपयोगी पडतो.

नोंदणी व कायदा

दंतवैद्याची नोंदणी दंतवैद्य अधिनियम, १९४८ नुसार राज्याच्या नोंदवहीत होत आली आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे राहिले. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. तथापि नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीनेच दंतव्यवसाय करावा, हे तत्त्व दोन्हींत समान आहे. आठवडी बाजारात वा जत्रेत पथारी मांडून "कायमचा दात" बसविणारे या नोंदवहीत नसतात. ते झटपट घट्ट होणारे रसायन हिरडीवरच थापतात व शेजारच्या दातांना तारेने बांधतात. त्याखाली अन्न कुजून व्रण, पाक व चांगल्या दातांचा नाश होतो. असा रुग्ण आपल्याकडे आल्यास तैल-चूर्ण देत न बसता तो दात प्रथम काढून घेण्यास सांगावे.

शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दात काढणे व दंतमूलचिकित्सा यांचा समावेश २०२० सालच्या केंद्रीय अधिसूचनेत नमूद झाला होता. त्यावर देशभर वाद झाला. वादात न शिरता एवढे म्हणता येते की, ते प्रशिक्षण पदव्युत्तर शालाक्य विद्यार्थ्यांसाठी होते. केवळ पदवीधर असलेल्या आम्ही-तुम्ही सर्वांनी त्याचा आधार घेऊन चिमटा हाती धरावा, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि जो शालाक्यतज्ज्ञ हे कर्म करील, त्यासही वरील शुद्धीचे सर्व निकष तंतोतंत लागू आहेत.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे खाटा असोत वा नसोत, सर्व दवाखान्यांना लागू आहेत. त्यांत दंतचिकित्सालये आली, तशीच आयुष रुग्णालयेही आली. रक्ताचा कापूस व काढलेला दात पिवळ्या पिशवीत. हातमोजे, नळ्या, प्लास्टिकच्या वस्तू लाल पिशवीत. सुया व पाती पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. हा कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये, दरवर्षी ३० जूनपूर्वी वार्षिक अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळास द्यावा, कर्मचाऱ्यांस हिपॅटायटिस 'बी' व धनुर्वात यांची लस द्यावी, अशी बंधने आहेत. दातांच्या क्ष-किरण यंत्रास अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ हा मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. त्यामुळे खाटा नसलेल्या लहान दंतचिकित्सालयाच्या आतील दैनंदिन व्यवहार पाहण्यास कोणी नियमित येत नाही. राष्ट्रीय रुग्णालय मान्यता मंडळाची दंतचिकित्सालयांसाठी स्वतंत्र मानके आहेत, परंतु ती ऐच्छिक आहेत. अशा स्थितीत रुग्ण पाठविणाऱ्या सहव्यावसायिकाची चौकशी हीच पुष्कळदा एकमेव तपासणी ठरते.

भेटीत काय विचारावे?

ज्यांच्याकडे आपण रुग्ण पाठवितो, त्या दंतवैद्यांस एकदा तरी वेळ ठरवून भेटावे. निरीक्षकाच्या आवेशात जाऊ नये. सहव्यावसायिकाच्या जिज्ञासेने पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावले आहे काय?
२. ऑटोक्लेव्ह कोणता, दिवसात किती वेळा चालतो, व त्याची नोंदवही ठेवली जाते काय?
३. उपकरणांची पिशवी रुग्णासमोर उघडली जाते काय?
४. हँडपीस किती आहेत व प्रत्येक रुग्णानंतर ते ऑटोक्लेव्हमध्ये जातात काय?
५. सलाइन व भुलेचे औषध प्रत्येक रुग्णास नव्याने उघडले जाते काय?
६. सुया कापण्याचे यंत्र व चार रंगांची व्यवस्था आहे काय? कचरा कोण व कधी नेतो?
७. मदतनिसाने हिपॅटायटिस 'बी' लसीच्या तिन्ही मात्रा घेतल्या आहेत काय?
८. रुग्णास भोवळ वा तीव्र प्रतिक्रिया आल्यास प्राणवायू व अॅड्रेनॅलिन हाताशी आहे काय?

मनापासून काम करणारा दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, स्वच्छतेवर केलेला जो खर्च रुग्णास दिसत नाही, तो कोणीतरी विचारला याचे त्यास समाधान वाटते. आपणही रुग्णास सांगावे की, दहा-वीस रुपये कमी घेणारा दवाखाना स्वस्त पडेलच असे नाही. पिशवी, हातमोजे व सुई यांचा खर्च कोठून तरी निघावा लागतो.

आपली चिठ्ठी

सुरक्षिततेचा अर्धा भाग दंतवैद्याकडे, अर्धा आपल्या चिठ्ठीत असतो. रुग्णास मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपांचा विकार, कावीळ, गर्भावस्था, औषधाची अॅलर्जी असल्यास ते लिहावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अवश्य लिहावे. त्या परस्पर बंद करण्यास मात्र सांगू नये. आपण देत असलेली औषधेही लिहावीत. लसूण, गुग्गुळ यांसारख्या द्रव्यांचा रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होण्याची शक्यता असते, तेव्हा "आयुर्वेदिक चालू आहे" एवढेच लिहून भागत नाही.

जबड्याखाली वा जिभेखाली सूज, तोंड न उघडणे, गिळण्यास वा श्वासास त्रास, तीव्र ज्वर ही लक्षणे असल्यास दंतचिकित्सालयाची वाट न धरता रुग्णास थेट जिल्हा रुग्णालयात अथवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. गुंतागुंतीच्या दंतरोगांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय उपलब्ध आहे. तंबाखू, मिश्री वा गुटखा घेणाऱ्या रुग्णाचा मुखातील व्रण दोन आठवड्यांत भरून न आल्यास तपासणीस विलंब करू नये.

औषधी दुकानदारांसाठी

दंतमंजने व तैले आपल्या दुकानातून नित्य विकली जातात. तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली व सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती कायम केली. तेव्हा उत्पादन-परवाना क्रमांक, समूह क्रमांक, निर्मिती व मुदत यांच्या तारखा नसलेले सुटे मंजन दुकानात ठेवू नये. मिश्री हे दंतमंजन नव्हे, हे स्त्री-ग्राहकांस समजावून सांगावे. लवंग तैल कापसाच्या बोळ्याने किडलेल्या खळग्यातच लावावे, हिरडीवर ओतू नये. आणि एकच ग्राहक दाढदुखीसाठी तिसऱ्यांदा तैल मागू लागला, म्हणजे तैलाऐवजी त्यास योग्य दंतवैद्याचे नाव द्यावे. वेदना शमली म्हणजे कृमिदंत बरा झाला असे होत नाही.

प्रथम आपला कक्ष

दुसऱ्याच्या चिकित्सालयाची चौकशी करणाऱ्याने स्वतःचा कक्ष तयार ठेवला पाहिजे. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावली जात नाही ना? विद्धकर्म व सिरावेध यांच्या सुया एकदा वापरून पांढऱ्या डब्यात जातात ना? नस्याचा एकच ड्रॉपर अनेकांच्या नासापुटास लागत नाही ना? गंडूषाचे पेले कसे शुद्ध होतात? अग्निकर्माची शलाका व क्षारसूत्राची उपकरणे ऑटोक्लेव्हमधून निघतात ना? परिचारक व परिचारिका यांची लस पूर्ण आहे ना? दंतवैद्यास विचारावयाचे आठ प्रश्न थोड्या फरकाने आपणासही लागू पडतात, आणि रुग्णाला ते आपणास विचारण्याचा तेवढाच अधिकार आहे.

तालुका शाखांच्या पुढील बैठकांत स्थानिक दंतवैद्यांस निमंत्रित करून या विषयावर एक परिसंवाद घ्यावा, आणि परस्परांचे कक्ष परस्परांनी पाहावेत, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधी व्यावसायिकांस नम्र विनंती. रुग्ण आपल्या शब्दावर जातो. तो शब्द देण्यापूर्वी एकदा जाऊन पाहणे एवढेच आपले कर्तव्य आहे.